रोजचे कोरड्यास बदलते ठेवा : नोकरीवर जाणाऱ्या जोडीदाराचा डबा कसा भरावा

परभणीच्या मोंढ्यात माझे भुसार मालाचे छोटे दुकान आहे. माझी पत्नी सेलूच्या एका बँकेत नोकरीला असून ती रोज रेल्वेने अप-डाऊन करते. तिला सकाळी पावणेनऊला घर सोडावे लागते आणि माझे दुकान साडेदहाशिवाय उघडत नाही. त्यामुळे तिची बदली सेलूला झाली तेव्हा डब्याचे काम मी माझ्याकडे घेतले. चहा आणि पोहे यांपलीकडे मला स्वयंपाकाचा सराव नव्हता. जे काही आले ते आईने शेजारी उभे राहून शिकवले आणि उरलेले संध्याकाळी परत आलेल्या डब्याने शिकवले. लग्नानंतर पहिल्यांदाच संसार मांडणाऱ्या, किंवा माझ्यासारख्या उशिरा या कामाला लागलेल्या कोणालाही उपयोग व्हावा, म्हणून ही रीत क्रमाने लिहीत आहे.

आपल्या मराठवाड्यात भाकरीसोबत जे काही खाल्ले जाते, मग ती पातळ भाजी असो, उसळ असो की पिठले, त्या सगळ्याला कोरड्यास म्हणतात. डब्यातले वैविध्य या कोरड्यासात असते. भाकरी किंवा पोळी ठरलेली ठेवावी, कोरड्यास रोज बदलावे आणि सोबतची चटणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावी. एवढे पाळले तर खाणाऱ्याला कंटाळा येत नाही, करणाऱ्याची रोज सकाळी धांदल होत नाही आणि खर्चही हाताबाहेर जात नाही. नवशिके लोक बहुधा याच्या उलट करतात. ते रोज नवा पदार्थ शोधतात, त्यासाठी रोज वेगळे सामान आणतात आणि तिसऱ्या आठवड्यात थकून जोडीदाराला ‘आज बाहेर काहीतरी खाऊन घे’ असे सांगतात.

पहिली पायरी : डबा कुठे उघडतो ते विचारून घ्या

कामाची सुरुवात स्वयंपाकघरापासून करू नये. आधी जोडीदाराशी बसून बोलावे. डबा भरल्यापासून किती तासांनी उघडला जातो? जेवायला किती वेळ मिळतो? तिथे गरम करायची सोय आहे का? हात धुवायला पाणी जवळ आहे का? एकट्याने जेवायचे असते की चौघांत बसून? माझी पत्नी साधारण दोन वाजता जेवते, म्हणजे साडेआठला बंद केलेला डबा साडेपाच तासांनी उघडतो. गरम करण्याची सोय नाही आणि जेवायला अर्धा तास मिळतो. चार जणी मिळून एकाच टेबलावर डबे उघडतात, म्हणजे प्रत्येकीचे कोरड्यास चौघींच्या ताटात जाते. हे कळल्यावर मी कोरड्यास दोन घास वाढीव देऊ लागलो, कारण वाटून खाल्ल्यावर तिच्या वाट्याला भाकरी कोरडी उरत असे आणि ते ती कधी बोलून दाखवत नव्हती.

जे कारखान्यात पाळीने काम करतात, त्यांचा हिशेब निराळा असतो. रात्रपाळीच्या डब्यात पचायला जड काही देऊ नये आणि दुसऱ्या पाळीच्या डब्याला दुपारचे ऊन लागणार हे धरून चालावे. शेतावर, रस्त्याच्या कामावर किंवा फिरतीवर असणाऱ्याला एका हाताने धरून खाता येईल असे धपाटे किंवा दशमी हे वाटीतल्या रश्श्यापेक्षा कितीतरी सोयीचे पडतात.

दुसरी पायरी : भांडी

यावर फार खर्च करण्याचे कारण नाही. स्टीलचा तीन कप्प्यांचा, घट्ट बसणाऱ्या कड्यांचा डबा घ्यावा. दुकानातच त्यात पाणी भरून तो उलटा करून पाहावा, लाजू नये. चिंच, टोमॅटो, अंबाडी, लोणचे असे आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नयेत, कारण आंबटाची त्या धातूशी क्रिया होते. वाफाळते कोरड्यास प्लास्टिकच्या डब्यातही भरू नये. झाकणाला रबराची कडी असेल तर ती रोज काढून, धुऊन, पूर्ण वाळवूनच परत बसवावी. डब्याला येणारा न जाणारा वास बहुतेक वेळा त्या कडीखालच्या ओलाव्याचा असतो. भाकरी गुंडाळायला जुन्या सुती धोतराचे किंवा मलमलीचे चार रुमाल करून ठेवावेत, म्हणजे रोज एक धुतलेला हाताशी येतो.

तिसरी पायरी : महिन्याचा भरणा

इथे माझा धंदा उपयोगी पडतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. ज्वारी घेताना रब्बीची घ्यावी. ती सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मोंढ्यात येऊ लागते. मालदांडी ३५-१ ही जुनी जात भाकरीसाठी आजही लोक नाव घेऊन मागतात. आमच्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची परभणी मोतीही ओळखीची आहे, आणि २०१८ मध्ये आलेल्या परभणी शक्ती या जातीत लोह व जस्ताचे प्रमाण मुद्दाम वाढवलेले आहे. खरिपाची ज्वारी काढणीच्या पावसात सापडली की काळवंडते. ती स्वस्त मिळाली तरी तिची भाकरी दिसायला आणि चवीला उतरते. दाणा मुठीत घेऊन पाहावा. तो टपोरा, मोत्यासारखा पिवळसर पांढरा आणि चावल्यावर कटकन मोडणारा असावा. वर्षाची ज्वारी एकदम घेऊन, उन्ह देऊन साठवता आली तर उत्तमच. जागा नसेल तर दोन-तीन महिन्यांची घ्यावी. दळण मात्र आठवड्यापुरतेच आणावे. ज्वारीचे पीठ जुने झाले की भाकरी थापताना कडा फाटतात आणि चवीला कडवटपणा येतो.

डाळी आणि कडधान्ये यांत तूरडाळ, मूगडाळ, हरभराडाळ, मटकी, मूग, चवळी आणि हुलगे एवढी सात असली की चार आठवडे निघतात. तुरीचा नवा माल जानेवारी-फेब्रुवारीत येतो आणि लातूरच्या डाळमिलांमुळे आपल्या भागात चांगली डाळ मिळायला अडचण पडत नाही. हळद वसमतची घ्यावी, जवळची आहे आणि रंगाला चोख आहे. याशिवाय शेंगदाणे, जवस, कारळे, तीळ, बेसन, मुरमुरे, डाळे, गूळ, चिंच आणि वाळलेली लाल मिरची. तेलाच्या बाबतीत, करडईचे तेल पूर्वी आपल्याकडे घरोघरी असे. आता ते महाग पडते, म्हणून रोजच्या फोडणीला परवडेल ते तेल आणि चटणीवर घालायला थोडे करडईचे, असे मी करतो.

आता प्रमाण. दोन मध्यम भाकऱ्यांना साधारण १४० ग्रॅम पीठ लागते. एका माणसाच्या उसळीला ४० ग्रॅम कोरडे कडधान्य, चटणीला व कूटाला मिळून २० ग्रॅम शेंगदाणे आणि फोडणीला दोन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम तेल पुरते. बँकेला दुसरा व चौथा शनिवार आणि सगळे रविवार सुटी असल्यामुळे महिन्यात २३-२४ डबे होतात. २४ डब्यांना ३ किलो ३६० ग्रॅम पीठ, एक किलोच्या आत कडधान्य, अर्ध्या किलोच्या आत शेंगदाणे आणि पाव किलोच्या आत तेल, एवढाच हा माल आहे. आपल्या गावचे आजचे भाव यासमोर मांडून बेरीज करावी, त्यात भाजीचा आणि गॅसचा वाटा धरावा आणि २४ ने भागावे. जोडीदार बाहेर जेवला तर एका जेवणाला किती मोजतो, ते त्याच कागदावर शेजारी लिहावे. मी हा हिशेब दर तीन महिन्यांनी करतो. त्यातून मला एक गोष्ट नेहमी दिसते : डब्याचा खर्च धान्याने वाढत नाही, अवेळी घेतलेल्या भाजीने वाढतो. मे-जूनमध्ये पालेभाजी कडाडली की कडधान्य, बेसन आणि वाळवण यांवर यावे. हिवाळ्यात मेथी स्वस्त झाली की ती आठवड्यातून तीनदा द्यायलाही हरकत नाही.

चौथी पायरी : चटण्यांच्या तीन बरण्या

कोरड्या चटण्या हा डब्याचा खरा आधार आहे. शेंगदाण्याची, जवसाची आणि कारळ्याची अशा तीन चटण्या रविवारी करून ठेवल्या की पंधरवडा सुखाने जातो. एखाद्या दिवशी कोरड्यास बिघडले, तरी भाकरी, चटणी, तेल आणि कांदा यांवर जेवण होते.

शेंगदाण्याच्या चटणीसाठी पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर, साल सुटून डाग पडेपर्यंत भाजावेत. घाई केली तर दाणा वरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. गार झाल्यावर सुपात घेऊन, चोळून फोलपटे पाखडावीत. दहा-बारा लसूण पाकळ्या थोड्या भाजून घ्याव्यात, कारण कच्च्या लसणाच्या ओलाव्याने चटणी लवकर खवट होते. मग दाणे, लसूण, एक चमचा जिरे, दोन चमचे तिखट आणि चवीपुरते मीठ खलबत्त्यात कुटावे. मिक्सरमध्ये केली तरी चालते, पण बटण एकदम लावून न धरता थांबत-थांबत फिरवावे. दाण्यातले तेल सुटून मुठीत धरल्यावर गोळा होईल आणि बोटाने दाबल्यावर मोडेल, तिथे थांबावे.

जवस भाजताना ते तडतडतात. तडतड थांबली की उतरवावेत. हृदयाला चांगली समजली जाणारी ओमेगा-३ स्निग्धाम्ले देणारे हे आपल्या रानातले स्वस्त बी आहे. एकदम किलोभर मात्र कुटू नये, कारण कुटलेले जवस उन्हाळ्यात लवकर खवटतात. दहा-बारा दिवसांचेच करावेत. बरणीत ओला चमचा घालू नये.

याच दिवशी येसराची बरणी पाहून ठेवावी. भाजलेली धान्ये, डाळ आणि मसाले एकत्र दळून केलेले हे पीठ लग्नकार्यातल्या आमटीसाठी आपल्याकडे प्रसिद्ध आहे, पण रोजच्या डब्यालाही ते फार उपयोगी पडते. वांगे किंवा बटाटा परतून त्यात दोन चमचे येसर आणि थोडे पाणी घातले की दहा मिनिटांत दाटसर कोरड्यास तयार होते.

पाचवी पायरी : आठवड्याची आखणी

आखणी बाजाराच्या दिवशी करावी. सकाळी सहाला ओट्यासमोर उभे राहून ‘आज काय करू’ असा प्रश्न पडला तर उत्तर नेहमी बटाटाच निघते. आमच्या घरी तीन दिवस भाकरी, दोन दिवस पोळी आणि कामाचा शनिवार असेल तर काही वेगळे, असा नेम आहे. कोरड्यासात लागोपाठ दोन दिवस एकाच घराण्यातला पदार्थ येऊ देत नाही. सोमवारी मटकीची सुकी उसळ झाली तर मंगळवारी पालेभाजी, बुधवारी बेसनाचे काही, गुरुवारी फळभाजी आणि शुक्रवारी डाळीचे, अशी फेरी राहते. पुढच्या आठवड्यात मटकीच्या जागी हुलगे किंवा चवळी, मेथीच्या जागी चाकवत, पाटवडीच्या जागी झुणका आणि भरल्या वांग्याच्या जागी गवार येते. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा अदलाबदल केली की तोच पदार्थ महिन्यात दोनदा क्वचितच येतो, आणि त्यासाठी एकही अनोळखी वस्तू घरात आणावी लागत नाही.

ज्वारी आणि डाळ यांची जोडी केवळ सवयीची नाही. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो आणि डाळींत तो भरपूर असतो, म्हणून भाकरीसोबत डाळ, उसळ किंवा बेसन आले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. ज्या दिवशी फळभाजी असेल, त्या दिवशी मी शेंगदाण्याचे कूट किंवा मूठभर भिजलेली हरभराडाळ तिच्यात घालतोच. लिंबाची एक फोड रोज द्यावी. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे पालेभाजी आणि कडधान्यांतले लोह अंगी लागायला मदत होते. उलट जेवणाला लागूनच चहा घेतला तर ते लोह कमी शोषले जाते. ही गोष्ट मी पत्नीला सांगितली तेव्हापासून तिने अडीचचा चहा साडेतीनवर नेला आहे.

ऋतूकडे पाहून भाजी निवडणे हे वैविध्याचे सर्वांत सोपे साधन आहे. पावसाळ्यात अंबाडी, तांदुळजा, घोळ, तरोट्याचा कोवळा पाला आणि करटुली येतात. हिवाळ्यात मेथी, चाकवत, करडईची कोवळी भाजी आणि हरभऱ्याचा पाला. हा पाला वाळवून ठेवला की उन्हाळ्यात तोच कामाला येतो. सांडगे आणि वाळवलेली गवार यांचेही तसेच. अंबाडीबद्दल मला विशेष आस्था आहे. पाला उकडून, पाणी पिळून काढून, शिजलेली तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून घोटावा आणि वरून लसणाची चुरचुरीत फोडणी द्यावी. फोडणी वेगळ्या छोट्या डबीत दिली आणि जेवताना वर ओतून घेतली, तर दोन वाजताही लसूण कुरकुरीत लागतो. सेलूच्या त्या टेबलावर हे कोरड्यास इतके आवडले की अंबाडीच्या दिवशी मला दुप्पट करावे लागते.

सहावी पायरी : भाकरी मऊ कशी राहील

सुरुवातीच्या महिन्यात रोज संध्याकाळी डब्यात भाकरीच्या कडा परत येत. मधला भाग खाल्लेला आणि भोवतालचा गोल तसाच. मला वाटे तिची भूक कमी झाली. एके दिवशी ती म्हणाली, ‘अहो, एकच भाकर द्या, पण मऊ द्या.’ तेव्हा माझ्या ध्यानात आले की साडेपाच तासांत कडा चामट होत होत्या आणि भूक असूनही तिला त्या चावता येत नव्हत्या.

गव्हात चिकटपणा देणारे ग्लुटेन असते, त्यामुळे पोळी मऊ राहते. ज्वारीत ते नसते, म्हणून ज्वारीची भाकरी गार झाली की कडक होऊ लागते. त्यावर आईचा उपाय एका वाक्याचा होता : ‘पाण्याला आधण येऊ दे, मंग पिठात घाल.’ उकळत्या पाण्याने पिठातले पिष्ट फुलते आणि तेच पिठाला बांधून धरते. एक वाटी पिठाला साधारण पाऊण ते एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ घालून, खळखळ उकळावे. ते पिठात ओतून उलथन्याच्या दांड्याने ढवळावे आणि दहा मिनिटे झाकून ठेवावे. मग हात ओला करून, पीठ सोसवेल इतके गरम असतानाच तळहाताच्या टाचेने चांगले मळावे. एका वेळी एकाच भाकरीचा गोळा मळावा. बाकीचे झाकलेले असू द्यावे. परातीत पीठ भुरभुरून, गोळा बोटांनी फिरवत थापावा आणि कडा मधल्या भागापेक्षा जाड राहू देऊ नयेत. नवशिक्याची भाकरी कडेने जाड राहते आणि तीच आधी कडक होते. तापलेल्या तव्यावर पिठाची बाजू वर ठेवून टाकावी, लगेच वरून पाण्याचा हात फिरवावा, पाणी सुकत आले की उलटावी आणि दुसरी बाजू नीट भाजल्यावर आचेवर फुगवावी.

इथपर्यंत सगळे नीट झाले तरी पुढची पाच मिनिटे महत्त्वाची असतात. गरम भाकरी थेट डब्यात किंवा फॉइलमध्ये घातली तर तिची वाफ तिच्यावरच पडते आणि ती ओलसर, लगदट होते. उघडी ठेवली तर वाळते. चाळणीवर दोन-तीन मिनिटे उभी टेकवून वाफ जाऊ द्यावी आणि कोमट असतानाच रुमालात घडी करून बांधावी. प्रवास लांबचा असेल, किंवा हात अजून बसला नसेल, तर दशमी करावी. पाण्याऐवजी दुधात मळलेली ही भाकरी जास्त वेळ मऊ राहते, पण तीव्र उन्हाळ्यात ती त्याच दिवशी दुपारपर्यंत संपायला हवी.

सातवी पायरी : रात्रीची आणि सकाळची कामे

रात्री जेवण झाल्यावर वीस मिनिटे दिली की सकाळ हलकी होते. कडधान्य भिजवलेले किंवा मोड आलेले आहे का ते पाहावे. मटकी आठ तास भिजवून ओल्या फडक्यात बांधली, तर एप्रिलमध्ये एका रात्रीत मोड येतात आणि डिसेंबरात पूर्ण दिवस व वर काही तास लागतात. म्हणून हिवाळ्यात सोमवारच्या उसळीची मटकी शनिवारी रात्रीच भिजवावी लागते. पालेभाजी निवडून कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावी, धुऊन चिरणे सकाळी करावे. लसूण सोलून ठेवावा. डब्याचे कप्पे ओट्यावर मांडून ठेवावेत.

सकाळी मी साडेसहाला ओट्याशी येतो. एका शेगडीवर उसळ किंवा डाळ शिजायला आणि दुसऱ्यावर पिठासाठी आधण ठेवतो. पीठ उकडीला झाकलेले असते तेवढ्यात भाजी चिरून होते. सात वाजता कोरड्यास फोडणीला जाते आणि सव्वासातला भाकऱ्या सुरू होतात. साडेसातला कोरड्यास उतरवून पसरट ताटात काढतो, कारण ते गार व्हायला अर्धा तास तरी हवा. साडेआठला सर्व कप्पे भरले जातात. या क्रमात एकच गोष्ट मी कधी मागेपुढे करत नाही : कोरड्यास भाकरीच्या आधी तयार झाले पाहिजे. उलट केले तर गरम कोरड्यासावर झाकण लावण्याची पाळी येते, आणि तिथेच डबा बिघडायला सुरुवात होते.

धांदलीच्या दिवसासाठी दोन पदार्थ हाताशी असावेत. पहिला म्हणजे सुशीला. मुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळावेत, कांदा-मिरची-शेंगदाण्याच्या फोडणीत परतावेत आणि वरून डाळ्याचे कूट व लिंबू घालावे; पंधरा मिनिटांत होतो. दुसरा म्हणजे पाटवड्या. एक वाटी बेसनाला पावणेदोन वाट्या पाणी घ्यावे, लसूण-जिऱ्याच्या फोडणीत पाणी, तिखट, हळद आणि मीठ घालून उकळावे आणि बेसन थोडे थोडे घालत गुठळ्या न होऊ देता ढवळावे. मिश्रण कढईची कड सोडू लागले की झाकून दोन वाफा आणाव्यात, तेल लावलेल्या ताटात थापून तीळ व कोथिंबीर दाबावी आणि वड्या कापाव्यात. या गारच चांगल्या लागतात, सांडत नाहीत आणि वाटून खायला सोयीच्या असतात.

आठवी पायरी : उन्हाळ्याची सावधगिरी

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात अन्नातले जंतू भराभर वाढतात. हे मला ठाऊक नव्हते तेव्हा एका एप्रिलमध्ये मी मुगाची खिचडी गरमागरम भरून, झाकण घट्ट लावून दिली होती. दुपारी तिने झाकण काढताच आंबूस वास आला. तिने डबा तसाच बंद केला आणि मैत्रिणीच्या अर्ध्या पोळीवर संध्याकाळपर्यंत काढले. मला ते रात्री कळले, आणि त्या रात्रीचे वाईट वाटणे अजून आठवते. भातात असणाऱ्या काही जंतूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत आणि भात उबट राहिला की ती वाढतात. नंतर गरम करूनही त्यांनी तयार केलेले विष जात नाही. म्हणून मार्च ते जून या काळात भाताचे प्रकार डब्यात देऊ नयेत. द्यायचेच असतील तर उकळत्या पाण्याने आधी तापवलेल्या थर्मासच्या डब्यात कडकडीत गरम भरावेत.

उन्हाळ्यात ओले खोबरे, चिरलेला कच्चा कांदा, पनीर आणि पातळ पिठलेही टाळावे. काकडी अखंड द्यावी, तिथे कापून घेता येते. उसळ सुकी करावी, पाणी पूर्ण आटवावे, चिंच किंवा आमसूल जरा जास्त घालावे. धपाट्यात एरवी कांदा घालतो, उन्हाळ्यात त्याऐवजी तीळ, ओवा आणि चिरलेली मेथी घालावी. दही द्यायचे तर ताजे, नुकते लागलेले द्यावे आणि ते फ्रीजमध्ये ठेवण्याची सोय तिथे असेल तरच द्यावे. तशी सोय नसेल तर ताक-दही संध्याकाळी घरी घेणे बरे. आदल्या रात्रीचे उरलेले कोरड्यास या दिवसांत डब्यात भरू नये, काटकसरीपोटीसुद्धा नाही.

उपवासाच्या दिवसाचे थोडक्यात : साबुदाण्याची खिचडी पाच तासांनी चिकट होते, त्यापेक्षा भगरीच्या पिठाचे थालीपीठ, शेंगदाण्याची बिनलसणाची चटणी आणि एक केळे हे जास्त चांगले राहते.

नववी पायरी : परत आलेला डबा पाहा

संध्याकाळी डबा घासायला टाकण्याआधी उघडून पाहावा. ‘कसे झाले होते’ असे विचारले तर जोडीदार बहुधा ‘छान’ म्हणतो, विशेषतः तुम्ही पहाटे उठून केले असेल तर. डबा मात्र खरे सांगतो. भाकरी उरली आणि कोरड्यास संपले, तर कोरड्यास कमी पडले. कोरड्यास उरले आणि चटणी संपली, तर मीठ-तिखट कमी होते किंवा तो पदार्थ आवडला नाही. लिंबाची फोड न पिळता परत आली, तर जेवायला वेळ मिळाला नव्हता. लागोपाठ तीन दिवस थोडे थोडे उरत असेल, तर प्रमाण कमी करण्याआधी तब्येत किंवा कामाचा ताण विचारावा.

मी दुकानाच्या जुन्या वहीत दोन रकाने आखले आहेत, एकात काय दिले आणि दुसऱ्यात काय परत आले. पाच-सहा आठवड्यांच्या नोंदी झाल्या की आपल्या माणसाची आवड अंदाजाने नव्हे, लिहिलेली समोर येते. त्या वहीमुळेच मला कळले की शेपूची भाजी दरवेळी निम्मी परत येते. विचारल्यावर ती म्हणाली, भाजी आवडते, पण बंद खोलीत तिचा वास पसरतो आणि काउंटरवर येणाऱ्या माणसांसमोर संकोच वाटतो. तेव्हापासून शेपू रविवारी दुपारी घरी होतो, मूगडाळ घालून, आणि आम्ही दोघे तो गरम भाकरीबरोबर खातो.